चित्र कळत नाही? थर मोजून पाहा!

बंगळूरच्या आग्नेयेला, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिचं बारसं झालं. सात सेक्टर, आखून काढलेले रस्ते, एका कडेला अगरा तलाव आणि दुसऱ्या टोकाला वाहनांच्या गर्दीसाठी देशभर नाव कमावलेला सिल्क बोर्ड चौक. संगणकक्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगावकडची अनेक मराठी कुटुंबं इथे येऊन स्थिरावली आहेत. मुलाचा संसार मार्गी लागला की गावाकडचे आई-वडीलही वर्षातले दोन-चार महिने इथे राहायला येतात.

अशा घरांच्या भिंती पाहण्यासारख्या असतात. दारासमोर गणपती, सोफ्याच्या वर वारलीचं कापड, शोकेसमध्ये लग्नाचा फोटो. आणि हल्ली या सगळ्यांच्या जोडीला एखादं अमूर्त चित्र. तेही कॅनव्हासवरचं नव्हे, तर कागदावरचं. जलरंगाचे ओघळ, त्यावर केसासारख्या बारीक शाईच्या रेघा, मध्येच चिकटवलेला जुन्या वहीचा तुकडा, कुठे पेन्सिलीची खरड, कुठे रंग खरवडून काढलेला. सूनबाईंनी ते हौसेने, पैसे साठवून आणलेलं असतं. गावाहून आलेल्या सासूबाई दोन दिवस काही बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन त्या विचारतातच, "हे नक्की काय आहे गं?"

सूनबाई हसून सांगते, "काही नाही आई, तसंच असतं ते."

झालं, विषय संपला! सासूबाईंना वाटतं, आपल्याला काही कळत नाही. सुनेला वाटतं, समजावून सांगायला शब्द नाहीत. मामंजी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतात, "आपल्या चिंगीनंसुद्धा काढलं असतं." आणि ते चित्र पुढची दहा वर्षं भिंतीवर टांगलेलं राहतं, कोणीही न पाहिलेलं.

खरं म्हणजे सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. इतक्या वर्षांत देवाच्या तसबिरीपासून कॅलेंडरपर्यंत प्रत्येक चित्राने त्यांना 'हे अमुक आहे' असं सांगितलं. या चित्राने मात्र तोंड शिवून घेतलंय. चूक प्रश्नात नाही, 'तसंच असतं' या उत्तरात आहे. कारण ते तसंच नसतं. ते एका विशिष्ट क्रमाने तसं झालेलं असतं, आणि तो क्रम थोड्या सवयीने कोणालाही वाचता येतो. त्यासाठी कलेची पदवी लागत नाही.

कागद काही विसरत नाही

आधी कागदाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. कॅनव्हासवर तैलरंगाने काम करताना चुकलं तर खरवडावं, वर दुसरा रंग चढवावा, खालचं गाडून टाकावं. कागदाचं तसं नाही. जलरंगाचा थेंब कागदात मुरतो. तो पुसू गेलं तर डाग फिका होतो, पण जात नाही. खरवडलं तर कागदाचे तंतू उभे राहतात आणि त्या जागी पुढचा रंग अधिक गडद बसतो. गोंद लावला की कागद आक्रसतो. हातून घडलेली प्रत्येक गोष्ट तो लक्षात ठेवतो. गव्हाच्या पिठात पाणी जास्त झालं तर आणखी पीठ घालता येतं. इथे ती सोय नाही.

मिश्र माध्यम म्हणजे या स्वभावाशी मुद्दाम घेतलेलं वाकडं. मेणाच्या खडूने रेघ मारली आणि वरून पातळ जलरंग फिरवला, तर रंग रेघेवरून निसटतो आणि रेघ उजळ राहते. हेच उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी रंग आणि मग खडू, तर परिणाम वेगळाच होतो. काळी जलाभेद्य शाई एकदा वाळली की वर कितीही पाणी फिरवा, ती हलत नाही. पण ओल्या रंगावर तीच शाई टाकली तर तिला मुळं फुटल्यासारखे फाटे फुटतात. पातळ पतंगी कागद चिकटवला तर खालचं चित्र झाकलं जातं, पण पुरतं नाही. धुक्यातून दिवा दिसावा तसं ते दिसत राहतं. म्हणजे अशा चित्रात आधी काय आणि नंतर काय याला फार महत्त्व आहे. दहा थरांचं चित्र म्हणजे दहा निर्णय, आणि त्यातला एकही मागे घेता येत नाही.

गोधडी शिवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. जुनी साडी आत, धोतर बाहेर, की उलट? कुठलं थिगळ वर दिसायला हवं आणि कुठलं दाबून टाकायचं? धावदोरा घालायला लागल्यावर हे बदलता येत नाही. गोधडीची उपमा इथेच थांबवलेली बरी, कारण गोधडी पांघरता येते आणि चित्राचा असा काही उपयोग नाही. पण थरांची नजर मात्र या बाईकडे आधीपासून असते.

गिरगावचे गायतोंडे

अमूर्त चित्र म्हणजे परदेशातून आलेलं फॅड, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती घालवायला एकच नाव पुरे आहे, आणि ते अस्सल आपल्यातलं आहे. वासुदेव संतू गायतोंडे. मूळ गोव्याकडच्या कुटुंबातले. जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा, बालपण गिरगावातल्या चाळीतलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. हुसेन, रझा, सूझा ही मंडळी ज्या गटाची, तोच हा गट.

गायतोंडे यांची सुरुवातीची अनेक कामं कागदावरची आहेत. पन्नाशीच्या दशकात पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या काळातल्या त्यांच्या कागदांवर नाजूक रेघेने बांधलेल्या आकृती आणि त्यांच्या आतबाहेर झिरपलेले रंग दिसतात. हळूहळू आकृती विरत गेली आणि रंग, प्रकाश नि पोत एवढंच उरलं. विशेष म्हणजे 'अमूर्त' हा शब्द त्यांना पसंत नव्हता. आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत असं ते मानत. फरक बारीक आहे, पण सासूबाईंच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. अमूर्त म्हटलं की वाटतं, मूळ एखादं झाड किंवा माणूस होता आणि चित्रकाराने तो ओळखू येणार नाही असा करून टाकला. मग आपण तो शोधत बसतो. गायतोंडे यांच्या चित्रात असं काही लपवलेलं नाही. शोधून सापडणार नाही, कारण ठेवलेलंच नाही. जे आहे ते सगळं वर आहे, तुमच्यासमोर.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर दिल्लीत निजामुद्दीन भागात एका लहानशा जागेत राहून त्यांनी काम केलं. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास! बाकीचा वेळ ते काय करत? विचार करत, पाहत, संगीत ऐकत. झेन बौद्ध विचार, जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी, मुंबईच्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. बोलणं कमी, गोतावळा कमी. कॅनव्हासवर काम करताना कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची हत्यारं होती. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून ते ओल्या रंगावर दाबायचे आणि त्या कागदांकरवी रंग चढवायचे किंवा उचलून घ्यायचे. म्हणजे थर देण्याइतकंच थर काढून घेण्यालाही त्यांच्याकडे महत्त्व होतं. त्यांच्या चित्रातला तो आतून येणारा उजेड बऱ्याच अंशी या काढून घेण्यातून आलेला आहे.

आणि मग १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून रोलर फिरवणं त्यानंतर काही वर्षं त्यांच्याच्याने होईना. साठीच्या उंबरठ्यावरचा, एकटा राहणारा, आयुष्यभर फक्त चित्रच काढलेला माणूस. अशा वेळी बहुतेक लोक हात टेकतात. गायतोंडे छोट्या कागदांकडे वळले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात त्यांनी शाईने लहान लहान कागदांवर काम केलं. एखाद्या अज्ञात लिपीतली अक्षरं असावीत तशा खुणा, आणि भोवती पुष्कळशी मोकळी जागा. मांडीवर फळी घेऊन बसूनही करता येईल एवढ्या आकाराचं काम. पण त्या चार रेघांत आधीच्या तीस वर्षांची शिस्त आहे. आपण कुठे थांबायचं हे ठाऊक असलेल्या माणसाची ती रेघ आहे.

पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा वर्तमानपत्रांना ती फार मोठी बातमी वाटली नव्हती. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि मग सगळ्यांना जाग आली. मराठीतही 'चिन्ह'ने २०१६ मध्ये त्यांच्यावर एक जाडजूड ग्रंथ काढला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचं १९७० चं एक चित्र लिलावात ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेलं. हा आकडा दिवाणखान्यात सांगितला की मामंजींचं वर्तमानपत्र एकदम खाली येतं! पण किंमत ऐकून चित्राकडे पाहणं हा पाहण्याचा सगळ्यात वाईट प्रकार. तेव्हा माणूस चित्र पाहत नाही, नोटा मोजत असतो.

किहीमच्या किनाऱ्यावर

मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये साठच्या सुमारास चित्रकार, नर्तक, वादक एकाच छताखाली काम करत. तिथे गायतोंडे होते, आणि तिथेच त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान असलेली एक तरुण चित्रकार होती, नसरीन मोहमदी. जन्म १९३७ चा, कराचीचा, वाढली मुंबईत, शिकली लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये. गायतोंडे यांना ती गुरुस्थानी मानत असे. १९७२ पासून तिने बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवलं.

तिचं सारं महत्त्वाचं काम कागदावरचं आहे. सुरुवातीला शाईचे पातळ वॉश, वाळू-पाण्याची, झाडांच्या फांद्यांची आठवण करून देणारे. मग तिने कुंचलाही बाजूला ठेवला आणि वास्तुविशारदाच्या टेबलावरची साधनं हाती घेतली. पट्टी, ड्रॉइंग पेन, पेन्सिल. शेकडो समांतर रेघा. काही शाईच्या, ठाम. काही पेन्सिलीच्या, इतक्या फिक्या की दोन पावलं मागे गेलं की नाहीशा व्हाव्यात. लांबून पाहिलं तर रिकामा कागद. जवळ गेलं तर तो वीणकाम केल्यासारखा भरलेला. चित्रांना ती नाव देत नसे.

आयुष्याच्या उत्तरार्धात तिला मज्जासंस्थेचा आजार जडला. हातापायांच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता. आणि त्याच वर्षांत तिच्या रेघा अधिकाधिक काटेकोर होत गेल्या! हात थरथरतोय आणि कागदावरची रेघ मात्र सुतात. एकेक रेघ ओढायला तिला किती वेळ लागत असेल, किती कागद फुकट जात असतील, याचा विचार केला की पोटात कालवतं. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम इथे तिचं निधन झालं. वय अवघं त्रेपन्नच्या आसपास. रविवारी मुंबईकर जिथे सहलीला जाऊन शहाळं पितात, तोच हा किनारा. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांपैकी एक तिचं होतं.

गायतोंडे आणि नसरीन, दोघांनाही शरीराने दगा दिला आणि दोघांनाही कागदाने सांभाळून घेतलं. छोटा कागद, शाई, टेबलावरची हातभर जागा. ज्यांना वाटतं की अमूर्त चित्र म्हणजे रंग फेकून मोकळं होणं, त्यांनी ही दोन माणसं आठवावीत.

कोकणातल्याच नेरूरपारचे प्रभाकर कोलते यांचं उदाहरण जरा निराळं, आणि नवख्या प्रेक्षकाला सोपं आहे. जे. जे.मध्ये शिकले, तिथेच १९७२ पासून बावीस वर्षं शिकवलं. त्यांच्या बऱ्याच चित्रांत एका रंगाचा मोठा पडदा पसरलेला दिसतो. त्या पडद्याला कुठे कुठे फटी असतात आणि फटींमधून खालचे निराळे रंग, निराळ्या आकृती डोकावतात. जुन्या घराच्या भिंतीचा पोपडा निघावा आणि आतला निळा, त्याच्या आतला चुन्याचा पांढरा दिसावा, तसं. खाली काय काय होतं आणि चित्रकाराने त्यातलं किती झाकलं, हे तिथे बसल्या जागी वाचता येतं.

रांगोळीला कोणी विचारत नाही

एचएसआर लेआउटमध्ये सकाळी फिरायला निघालं तर घराघरांपुढे सडा आणि ठिपक्यांची रांगोळी दिसते. ठिपक्यांना वळसे घालत गेलेली एकच रेघ, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळू नये अशी. फिरायला निघालेल्या सासूबाई तिथे थबकतात, कौतुकाने पाहतात. "हे काय आहे?" असं त्या विचारत नाहीत. रेघ कशी फिरवली, कुठून आणली, एवढंच पाहतात. म्हणजे वस्तुनिरपेक्ष चित्र कसं पाहायचं हे त्यांना चांगलं येतं! फक्त ते चौकटीत घालून काचेमागे ठेवलं की त्या बिचकतात.

गाण्याचंही तेच. गदगच्या बाजूला जन्मलेले आणि पुण्याचे झालेले भीमसेन जोशी मराठी आणि कन्नड दोघांचेही. त्यांचा तोडीचा आलाप ऐकताना 'याचा अर्थ काय' असं कोणी विचारत नाही. पण गाण्यात एक सोय आहे. गवई तुमचा हात धरून तुम्हाला अर्धा तास बसवतो; वेळ तोच देतो. चित्र वेळ देत नाही. ते सगळंच्या सगळं एकदम समोर येतं आणि मग गप्प बसतं. वेळ आपल्याला द्यावा लागतो. अवघड चित्र नावडतं होण्याचं निम्मं कारण हेच, की आपण त्याला दोन सेकंद दिलेले असतात.

मग किती वेळ द्यावा? चहाचा कप संपेपर्यंत दिला तरी पुष्कळ. आधी लांबून पाहावं. डोळा पहिल्यांदा कुठे जातो आणि मग कुठे सरकतो एवढं बघावं. मग वीतभर अंतरावर जावं आणि एक जागा निवडावी, शक्यतो जिथे दोन गोष्टी एकमेकींवर आल्या आहेत अशी. शाईची रेघ रंगाच्या वरून गेलीय की रंग रेघेवरून? चिकटवलेला कागद रंगवून लावला की लावून रंगवला? चित्राच्या कडा तर मुद्दाम पाहाव्यात. मध्यभागी चित्रकाराने सगळं लपेटलेलं असतं, कडेला मात्र खालचे थर उघडे पडलेले सापडतात. शेवटी बाजूने, खिडकीचा उजेड तिरका पडेल असं उभं राहावं. खरवडलेल्या जागा, फुगलेला कागद, गोंदाची चमक हे सगळं तेव्हा कळतं.

हा खेळ लहान मुलांबरोबर खेळून पाहावा. 'आधी काय, मग काय' हे ओळखायला मुलं फार हुशार असतात. चिंगी आजोबांना हमखास हरवते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गुंतागुंत दिसली म्हणजे चित्र चांगलं, असं मुळीच नाही. थर चढवणं आता एक टूम झाली आहे. चार रंग, दोन वर्तमानपत्राचे तुकडे, वर थोडा सोनेरी वर्ख, आणि झालं मिश्र माध्यम. हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. चित्राचा एखादा भाग तळहाताने झाका. बाकीचं चित्र काहीच न घडल्यासारखं तसंच राहिलं, तर तो भाग उगीच घातलेला आहे. चांगल्या चित्रात मात्र कोपऱ्यातली एक बोटभर रेघ झाकली तरी सगळं एका बाजूला कलंडल्यासारखं वाटतं. ही कसोटी अगदी बिनचूक नसेल, पण दुकानात उभं असताना कामाला येते.

भिंतीवर लावताना

चित्र आणलं की ते जपणंही आलं. कागदाचे शत्रू घराघरात असतात. पहिला शत्रू ऊन. बंगळूरची हवा सौम्य म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण मोठ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेले जलरंग काही वर्षांत फिके पडतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत कागदावरची कामं साधारण ५० लक्स इतक्या मंद उजेडात ठेवतात आणि तीही काही महिनेच. मग ती अंधारात विश्रांतीला जातात. घरात एवढं जमणार नाही, पण ऊन पडत नाही अशी भिंत तर निवडता येईल.

दुसरा शत्रू ओल. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको. काच थेट कागदाला टेकली तर पावसाळ्यात आत दमटपणा धरतो, बुरशीचे ठिपके येतात, कधी रंग काचेलाच चिकटतो. म्हणून फ्रेमवाल्याला बजावून सांगावं की कागद आणि काच यांच्यात माउंटचं अंतर हवं, माउंट बोर्ड आम्लरहित हवा आणि मागे सेलोटेप अजिबात नको. साधा पुठ्ठा आणि सेलोटेप स्वस्त पडतात खरे, पण थोड्या वर्षांत कागदावर त्यांचे तपकिरी डाग उमटतात. काच पुसताना फवारा थेट काचेवर मारू नये. कापडावर घ्यावा, नाहीतर पाणी चौकटीच्या फटीतून आत उतरतं. आणि वर्षातून एकदा चित्र उतरवून मागून पाहावं. कसर लागली असेल तर वेळीच कळते.

नजर तयार व्हायला मात्र घरचं एक चित्र पुरत नाही, पुष्कळ पाहावं लागतं. बंगळूरमध्ये त्याची सोय चांगली आहे. पॅलेस रोडवर माणिक्यवेलू मॅन्शन या जुन्या वाड्यात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय २००९ पासून आहे. झाडी इतकी की आत शिरताच डोकं शांत व्हावं. कस्तुरबा रोडवर 'मॅप' हे कला आणि छायाचित्रांचं संग्रहालय २०२३ मध्ये उघडलं. एचएसआरहून निघून सिल्क बोर्डचा चौक ओलांडणं ही एक साधनाच आहे, पण रविवारी सकाळी लवकर निघालं तर ती सफल होते! खुद्द एचएसआरमध्ये सत्ताविसाव्या मेन रोडवर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं आवार आहे. कापड, वीण, रंगाई, छपाई शिकणारी मुलंमुली त्या परिसरात सतत दिसतात. अशी एखादी विद्यार्थिनी शेजारी भाड्याने राहत असेल तर तिला चहाला बोलवावं आणि भिंतीवरचं चित्र दाखवावं. कापडावर एकावर एक छाप देताना आधी कोणता रंग घेतात आणि का, हे ती जेवढं सोपं करून सांगेल तेवढं पुस्तकात सापडणार नाही. मराठीत वाचायचं असेल तर प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' आहे. ते अवघड नाही, हळू वाचायचं पुस्तक आहे.

आणि विकत घ्यायचं असेल तर जानेवारीतली चित्रसंते. कर्नाटक चित्रकला परिषद २००३ पासून ही चित्रांची जत्रा भरवते. कुमारकृपा रस्त्यावर दोन्ही कडांना देशभरातून आलेले चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. मध्ये कोणी दलाल नाही आणि किमती सर्वसामान्य खिशालाही परवडाव्यात अशा. तिथे अमूर्त चित्रांपुढे लोक घुटमळतात, काही विचारावं की नको अशा संकोचात पुढे सरकतात. विचारावं! मात्र "हे काय आहे?" असं नको, त्या प्रश्नाला चित्रकारही कंटाळलेला असतो. "यात सगळ्यात आधी काय केलंत?" असं विचारावं. मग त्याचा चेहरा खुलतो. तो बोटाने दाखवू लागतो. इथे पाणी सांडलं होतं, म्हणून हा कागद लावला, मग तो जड वाटायला लागला म्हणून या रेघा आल्या. पाच मिनिटांत तुम्ही चित्राच्या आत असता.

तेवढ्यात एक गोष्ट मात्र विसरू नये. चित्र अजून सुटं असेल, चौकटीत गेलं नसेल, तर ते उलटं करून दाखवायला सांगावं. कागदाच्या पाठीवर मुरलेले रंग, शाईचे झिरपलेले ठिपके, पेन्सिलीने केलेल्या खुणा, दाबून मारलेल्या रेघांचे उठलेले वळ असं बरंच काही असतं. फ्रेम झाली की ती बाजू भिंतीकडे तोंड करून राहते. सासूबाई बरोबर असतील तर आधी त्यांच्याच हातात द्यावं. भरतकाम पाहताना कापड उलटून मागचे टाके तपासायची सवय त्यांना असतेच.